लाल पट्ट्याची विहीर

आमच्या गावात बातमी पोचायला वर्तमानपत्र लागत नसे. नागपूरचा पेपर यायचा तोवर त्यातलं सगळं पानठेल्यावर बोलून शिळं झालेलं असायचं. कोणाच्या संत्र्याचा सौदा मोडला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या कापसाला यंदा अळी लागली, हे ज्याचं त्याला कळायच्या आधी गावाला कळायचं. म्हणून मला अजून नवल वाटतं. ज्या वर्षी खरोखर जीव वाचवणारी एकच गोष्ट त्या गावाला सांगायची होती, त्या वर्षी ती काही केल्या पोचेना.

गावाचं नाव मी लिहीत नाही. मध्य प्रदेशातल्या सौसर आणि पांढुर्णा यांच्या मधल्या मराठी मुलखातला तो एक कसबा, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. माझं माहेर सौसरचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन तिथे आले. नवरा पांढुर्ण्याला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी घरी येई आणि सोमवारी पहाटे जाई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी बोलायला फटकळ आणि मामाजी ऐकायला तयार, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

मामाजी पालिकेत पंपावर होते. कुठल्या मोहल्ल्याला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. नळ गावात मोजक्याच घरी होते, बाकी सगळे विहिरींवर आणि हँडपंपांवर. तरी "मी पंपवाला" असं ते ज्या ताठ मानेनं सांगत, त्या ताठ मानेनं कलेक्टरही आपला हुद्दा सांगत नसेल. त्याला कारण होतं. त्यांचे वडील गावचे कोतवाल होते. गळ्यात डफडं अडकवून गल्लोगल्ली दवंडी पिटायची, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढे धावायचं, कोणाचं जनावर मेलं की ते ओढायचं, हे त्यांचं काम. आमच्या माणसांनी बुद्धाचा धम्म घेतला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ते डफडं नदीच्या पुरात सोडून दिलं. मामाजी तेव्हा पोरसवदा होते, काठावर उभे होते. डफडं थोडं पुढं जाऊन बाभळीच्या फांदीत अडकलं, तेव्हा म्हातारा गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि पायानं ढकलून त्यानं ते वाटेला लावलं. "पुन्हा घरी येते का काय, असं भेव वाटलं असन त्याले," मामाजी हसत सांगायचे. पण त्यानंतर या घरातला हात डफड्याला लागणार नाही, हे सांगताना ते हसत नसत. लग्नाच्या वरातीत बँड वाजायला लागला तरी ते चार पावलं मागे राहत.

गावाच्या चढावर शेतकऱ्यांची एक जुनी गल्ली होती. तिला सगळे वरची गल्ली म्हणत. गल्लीच्या मधोमध दगडी बांधणीची मोठी विहीर. ती सरकारी होती आणि कायद्यानं सगळ्यांची होती. आमच्या मोहल्ल्यातल्या कोणाला तिथे कोणी अडवत नसे, कारण आमच्यातलं कोणी तिथे जातच नसे. बाजारातल्या हॉटेलात सगळे एकाच कपबशीतून चहा पीत, एसटीत मांडीला मांडी लावून बसत, आणि घरी जाऊन आपापल्या विहिरीचं पाणी पीत. असा तो काळ होता, एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे. त्या गल्लीत एक म्हातारी राहायची. आवाज असा, की खालच्या बाजारात तिच्या घरचं भांडण ऐकू यावं. गल्लीतलं कोणी तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. तिच्या घरासमोर गल्लीतला एकुलता सरकारी नळ होता, पण चढावर त्याला जेमतेम धार येई. मामाजी वाल्व फिरवायला तिकडे गेले की ती ओसरीवरून हाक मारायची, "काय रे कोतवाल, आज पानी सोडतं का नाई?" मामाजी दर वेळी थांबून सांगायचे, "बाई, मी कोतवाल नाई, पंपवाला हावो." आणि ती दर वेळी म्हणायची, "तेच रे."

त्या श्रावणात पाऊस थांबेचना. चढावरची गटारं तुंबली आणि त्यांचं पाणी कुठून तरी त्या जुन्या विहिरीत झिरपलं. मग साथ सुरू झाली. आमच्याकडे तिला पटकी म्हणत, सरकारी माणसं हैजा म्हणत, नवे लोक गॅस्ट्रो म्हणत. नाव काहीही घ्या, माणूस सकाळी शेतात जाई आणि संध्याकाळी खाटेवर घालून आणावा लागे. वरच्या गल्लीतला एक म्हातारा शेतकरी सौसरच्या वाटेवर बैलगाडीतच गेला. रामाकोना, लोधीखेड्याकडूनही अशाच बातम्या येऊ लागल्या. पालिकेत नवे आलेले साहेब तरुण होते, जबलपूरकडचे, बोलणं सगळं हिंदीत, पण माणूस कळकळीचा. त्यांनी डॉक्टरांकडून पाणी तपासून घेतलं आणि हुकूम काढला, की जी विहीर खराब आहे तिच्यावर लाल पट्टा ओढायचा. लाल म्हणजे धोका, एवढं तर पोरांनाही कळतं, असं त्यांना वाटलं. कोठारात लाल ऑइलपेंटचा डबा होता. अंधार पडल्यावर मामाजींनी स्वतःच्या हातानं त्या विहिरीच्या कठड्याला जाड लाल पट्टा ओढला आणि घरी येऊन राकेलनं बोटं धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंपावरून परत आले ते तोंड उतरवून.

"पोरी, घोळ झाला," म्हणाले.

पट्ट्याला हळदकुंकू लागलं होतं. खाली नारळ फुटले होते, लिंबं होती, उदबत्त्या जळत होत्या. आमच्या मुलखात गावाबाहेर मातामायचं ठाणं असतं, शेंदूर लावलेले दगड. गावात रोगराई आली की मातामाय कोपली असं समजून लोक शेंदूर चढवतात. वरच्या गल्लीनं पहाटे उठून पाहिलं तर विहिरीला लाल! म्हणजे कोणीतरी रातोरात मातेला विहिरीवर आणून बसवलं. आता त्या विहिरीचं पाणी म्हणजे तीर्थ झालं होतं. ज्या घरात आजारी माणूस होतं त्या घरात तेच पाणी चमच्याचमच्यानं पाजत होते. शेजारच्या गल्लीतूनही तांबे भरून नेत होते.

मला पहिल्यांदा हसू आलं, ते मामाजींकडे पाहून थांबलं. मामाजी ओसरीवर बसून आपल्या बोटांकडे बघत होते. नखांत अजून लाल होतं.

साहेबांनी मग भोंगा काढला. गावात एकच भोंगा, टॉकीजवाल्याच्या सायकलरिक्षावर बांधलेला. रिक्षावाल्याला सवयच अशी, की आधी गाणं लावल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही. गाणं वाजलं, पोरं रिक्षामागे धावली आणि रंगीत कागद मागू लागली. मग कुणीतरी लिहून दिलेलं "समस्त नागरिकों को सूचित किया जाता है" सुरू झालं. बायांनी दारातून डोकावून विचारलं, कोणता सिनेमा लागला, आणि आत गेल्या. मराठी बोलणाऱ्या गल्लीत ते "दूषित जल" कोणाच्या कानावर पडलं असेल तर शपथ. आमच्या मोहल्ल्यात रिक्षा आली तेव्हा मीच पुढे होऊन ते मराठीत ओरडून सांगितलं. पण आमच्या मोहल्ल्यात हँडपंप होता, आम्हाला त्याची गरज नव्हती. ज्यांना होती त्यांच्या गल्लीत माझं कोण ऐकणार?

मामाजी स्वतः घरोघर गेले. म्हातारीनं ओसरीवरूनच ऐकून घेतलं.

"आमची विहीर खराब, आन् तुमच्या हापशीचं पानी चांगलं?"

"बाई, डाक्टरनं तपासलं. पट्टा मी लावला, मातामायनं नाई."

"तुया हातून लाववून घेतला तिनं." मग तिचा आवाज चढला. "मले माहीत हाये रे. या विहिरीवर तुमचा डोळा हाये. आमी सोडली की तुमी भरान."

मामाजी तिथून परत आले. मी मात्र घरात खूप बोलले. मरू द्या म्हणाले. गोटमारीत जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांना दगड मारतात, तेही निदान समोरून मारतात, असं म्हणाले. मामाजींनी मला बोलू दिलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "लहान लेकरं हायेत तिथं."

मग साहेब आमच्या घरी आले. स्वतः आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला. गल्लीतल्या पुढाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, की भोंग्याचं कोण ऐकतं, पट्टा कोणाला कळतो, पूर्वीसारखी दवंडी आली असती तर आम्ही मानलं असतं. दवंडी म्हणजे सरकारची खूण. साहेबांना त्यातलं आतलं काही माहीत नव्हतं. ते साधेपणानं म्हणाले, "बाबूजी, आपके पिताजी यही काम करते थे। एक ही दिन की बात है। ढोल मैं मँगवा देता हूँ।"

मामाजी उभे राहिले. त्यांना वाचवायची होती ती लेकरं त्या गल्लीत होती, आणि ज्यासाठी त्यांचा बाप गळ्याइतक्या पाण्यात उतरला ते डफडं साहेब परत त्यांच्या गळ्यात घालायला निघाले होते. नाही म्हटलं तर उद्याच्या मढ्याचं पाप यांच्या माथी, हो म्हटलं तर बापाचं पाण्यात उतरणं वाया.

"साहब, मैं नहीं बजाऊँगा," मामाजी म्हणाले. "और कुछ भी बोलो।" साहेब समजूतदार होते, जोर केला नाही. पण जाताना त्यांचा चेहरा पडलेला होता आणि मामाजींचा त्याहून.

त्याच संध्याकाळी कळलं, म्हातारीच्या नातीला उलट्या सुरू झाल्या. चार-पाच वर्षांची पोर. मामाजी वाल्व उघडत तेव्हा घरासमोरच्या नळाला सूं आवाज येई, तो ऐकायला ती रोज ओसरीवर कान लावून बसायची. आणि म्हातारी तिला तीर्थ पाजत होती. मामाजी जेवले नाहीत.

सकाळी मी हापशीवर होते. वरून एकदम कालवा ऐकू आला. म्हातारीचाच आवाज होता. मी घागर तिथेच टाकून धावले.

मामाजी त्या विहिरीच्या कठड्यावर बसले होते. अंगावर फक्त गुडघ्यापर्यंतचं धोतर. आमच्या घरची बादली, आमच्या घरचा दोर. ते पाणी शेंदत होते आणि डोक्यावरून घेत होते. साबण लावत होते. मग तांब्या घेऊन तो सरळ बादलीत बुडवत आणि उरलेलं पाणी परत विहिरीत रिकामं करत. पट्ट्यावरचं हळदकुंकू त्यांच्या अंगावरच्या पाण्यानं धुऊन निघत होतं. अवतीभवती सगळी गल्ली जमली होती आणि कोणी जवळ जात नव्हतं.

"विहीर बाटवली रे! कोतवालानं विहीर बाटवली!" म्हातारी ओरडत होती. तिचा आवाज बाजारापर्यंत गेला असणार. नव्हे, गेलाच.

एका तरण्या पोरानं दगड उचलला. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं, डोळ्यांतला साबण पुसला आणि म्हणाले, "गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या रोजी असते ना बाप्पा. आतापासूनच काऊन?" कोणीतरी फिस्सकन हसलं. पोराचा हात खाली आला. मी पुढे झाले आणि मामाजींच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

त्या दुपारपासून त्या विहिरीवर एक घागर आली नाही. शेजारच्या गल्लीतले तांबेही बंद झाले. पट्ट्यानं जे झालं नाही, भोंग्यानं झालं नाही, डॉक्टरच्या कागदानं झालं नाही, ते एका आंघोळीनं झालं. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येक घरानं प्रत्येक घराला सांगितलं. साहेबांनी टँकर लावला आणि त्या टँकरचं पाणी लोकांनी मुकाट्यानं भरलं. नातीला दवाखान्यात नेलं, मीठसाखरेच्या पाण्यावर ती उठून बसली. वरच्या गल्लीत नवं कोणी आजारी पडलं नाही.

घरी मी मामाजींशी भांडले. मला अजूनही वाटतं, मी बरोबर होते. ज्या गोष्टीपायी आपल्या बापजाद्यांनी ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलं, तीच गोष्ट तुम्ही त्यांच्यापुढे खरी करून दाखवलीत. आपण हात लावला की पाणी नासतं, हे तुम्हीच मान्य केल्यासारखं झालं. त्यापेक्षा डफडं वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं?

"डफडं वाजवलं असतं तर त्याईच्या हुकमानं वाजवलं असतं," मामाजी म्हणाले. "आंघोळ मी माया मर्जीनं केली. सरकारी विहीर हाये." मला वाटलं, विषय संपला. मी उठणार तोच ते हळूच म्हणाले, "एक गोष्ट सांगू? पानी घेऊन राहिलो होतो तवा मनात येऊन राहिलं होतं, यातलं कोनी तरी पुढे येईन आन् म्हनन, असू दे, मी पितो. एकानं तरी. पेलं असतं तर ते मेलं असतं. तरी वाटून राहिलं होतं."

मी उठले. आत जाऊन चुलीपाशी रडले, आणि ते त्यांना ऐकू गेलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

पोळा झाला, पाऊस ओसरला. पालिकेनं विहीर पूर्ण उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली, परत तपासली. डॉक्टर म्हणाले, आता चांगली. आता गावाला ही दुसरी बातमी सांगायची होती, आणि ती पहिलीपेक्षा अवघड निघाली. विहीर चांगली आहे हे मान्य होतं सगळ्यांना, पण बाटलेली होती. वरच्या गल्लीतल्या बाया टँकर बंद झाल्यावर आमच्या हापशीवर येऊन रांगेत उभ्या राहू लागल्या, आमच्याच मागे. हापशीला बहुतेक बाटण्याची सोय नसावी. मी एकदोघींना असं म्हणूनही दाखवलं. त्या हसल्या, पण घागरी भरून गेल्या.

आणि एक दिवस दुपारी आमच्या दारात तीच म्हातारी उभी. आमच्या मोहल्ल्यात तिला मी कधी पाहिलं नव्हतं. कडेवर नात, हातात पितळी तांब्या.

"पंपवाले हायेत का घरी?" तिनं विचारलं.

कोण पंपवाले, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मामाजी आतून बाहेर आले.

"विहीर तुमी बंद केली," म्हातारी म्हणाली. "तुमीच उघडून द्या."

मामाजींनी सदरा घातला, बादली आणि दोर घेतला. मीही मागे गेले, मला कोण थांबवणार होतं? गल्लीत दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कोणी ना कोणी होतं. मामाजींनी बादली सोडली, शेंदली, कठड्यावर ठेवली. त्यांनी बादली वाकवली, म्हातारीनं तांब्या खाली धरला. भांड्याला भांडं लागू नये या जुन्या सवयीनं त्यांनी बादली जरा उंच धरली होती. तिनं तांब्या वर नेऊन बादलीच्या काठाला टेकवला. मग ती वरून न ओतता तांब्या तोंडाला लावून प्यायली. घटाघटा नाही, एकेक घोट, सगळ्या गल्लीला दिसेल असं. तिनं तोंड वाकडं केलं.

"औषधाचा वास येते."

"येऊ द्या," मामाजी म्हणाले. "तो हाये म्हून तर आता लेकराले पाजता येते."

तिनं नातीला खाली उतरवलं आणि उरलेलं पाणी तिला पाजलं.

लिहायला बरं वाटलं असतं, की त्या दिवशी सगळी गल्ली पुढे आली. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन-तीन घरांच्या घागरी विहिरीवर आल्या. बाकीच्यांनी हळूहळू घरोघर नळ घेतले आणि त्या विहिरीचं पाणी नंतर कधी चुलीपाशी नेलं नाही. म्हातारी मात्र मरेपर्यंत तेच पाणी प्यायली, आणि मामाजी रिटायर होईपर्यंत तिनं त्यांना पंपवालेच म्हटलं.

त्या दिवशी मी आणि मामाजी घरी निघालो. मी पुढे, ते मागे, हातात ओली बादली. घरी येऊन त्यांनी बादली जागेवर उपडी ठेवली, दोर गुंडाळून खुंटीला अडकवला आणि ओसरीवर टेकले. मी चहा ठेवायला आत गेले. तेव्हा ते बाहेरून म्हणाले, मला म्हणाले की स्वतःशी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"एकीनं पेलं."